अपत्यहीनतेवरील उपचार : कोणता, केव्हां आणि कोणत्या क्रमानें

लग्नाला तीन-चार वर्षें होऊन गेलीं आणि घरांत पाळणा हलला नाहीं, कीं आपल्याकडे प्रथम सुनेकडे बोट दाखविलें जातें. नवस बोलले जातात, उपास वाढतात, कोणी अंगारा आणून देतो, कोणी एखाद्या गुणी वैद्याचा पत्ता सांगतो. हें सर्व पार पडल्यावर ती बिचारी डॉक्टरांच्या दारीं जाते, तीहि बहुधा एकटी किंवा सासूबरोबर. नवऱ्यानें बरोबर जावें, इतकेंच नव्हे तर आरंभींच त्याचीहि तपासणी व्हावी, हा विचार सुशिक्षित घरांतसुद्धां सहजासहजीं शिरत नाहीं. वास्तविक अपत्यहीन जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्या जोडप्यांत दोष पूर्णपणें किंवा अंशतः पुरुषाकडे असतो. आणि तो आहे कीं नाहीं हें सांगणारी वीर्यतपासणी ही साऱ्या तपासण्यांत स्वस्त व वेदनारहित आहे. ही साधी तपासणी राहून जाते आणि बायकोवर मात्र दुर्बिणीची शस्त्रक्रिया होऊन जाते, असा उफराटा क्रम आजहि आढळतो.

हें दुःख कांहीं थोडक्यांचें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील दर सहा प्रौढांपैकीं एकाला आयुष्यांत केव्हां ना केव्हां या अडचणीस तोंड द्यावें लागतें. पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस पिंपरी, चिंचवड, भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेला जो कारखान्यांचा पट्टा आहे, त्यांत या प्रश्नाला आणखी एक निराळें रूप आलें आहे. येथें वस्ती तरुणांची. मराठवाड्यांतून, विदर्भांतून, खानदेशांतून नोकरीसाठीं आलेलीं हीं जोडपीं. सल्ला देणारें वडीलधारें माणूस गांवीं, आणि रस्त्यावर मात्र गोंडस बाळाचें चित्र असलेले उपचारकेंद्रांचे फलक, खालीं हप्त्यानें पैसे देण्याची सोय. फलक पाहून उपचार निवडणें म्हणजे आजार कळण्यापूर्वीं औषधाची बाटली विकत घेण्यासारखें आहे. येथें उपचार एक नाहीं, अनेक आहेत. ते एकाहून एक भारी व महाग आहेत. आणि त्यांपैकीं कोणता योग्य हें कारणावर व स्त्रीच्या वयावर अवलंबून असतें, ऐपतीवर किंवा जाहिरातीवर नव्हे.

अपत्यहीनता केव्हां समजावी, याविषयीं वैद्यकशास्त्राचा संकेत असा, कीं कोणतेंहि संततिनियमन न करतां बारा महिने नियमित संबंध राहूनहि गर्भ राहिला नाहीं तर तपासणी करावी. शंभर जोडप्यांपैकीं सुमारें पंचायशींना या एका वर्षांत यश येतें. स्त्रीचें वय पस्तिशीपुढें असेल तर सहा महिन्यांनींच जावें. चाळिशी गांठली असेल तर थांबूं नये. मासिक पाळी फार अनियमित असेल, पूर्वीं क्षय झाला असेल किंवा पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तरीहि थांबण्याचें कारण नाहीं.

पण हें वर्ष मोजावयाचें कसें? स्त्रीबीज सुटल्यानंतर सुमारें एक दिवसच जगतें. शुक्रजंतु स्त्रीच्या शरीरांत पांच दिवसांपर्यंत जगूं शकतात. म्हणजे महिन्यांत गर्भधारणेस अनुकूल असे दिवस सहाच, आणि ते बीज सुटण्याच्या दिवशीं संपतात. आतां नवरा चाकणच्या कारखान्यांत, बायको लातूरकडे सासरीं, आणि भेट महिन्यां-दोन महिन्यांनीं दोन दिवसांची, असें असेल तर कॅलेंडरावरील एक वर्ष हें त्या जोडप्याचें वर्ष नव्हेच. तीच गोष्ट पाळ्यांची. तो रात्रपाळीला, ती दिवसा दुकानांत किंवा कचेरींत. एकाच खोलींत राहूनहि आठवडेच्या आठवडे दोघांची गांठ फक्त दारांत पडते. अशा जोडप्याला आधीं औषध नको, रजा हवी. पाळी अठ्ठावीस दिवसांनीं येत असेल तर बीज साधारणपणें चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतें. त्यापूर्वींच्या पांच-सहा दिवसांत एक दिवसाआड संबंध आला तरी पुरे. ज्यांच्या घरांत हें गणित कोणी कधीं समजावून सांगितलेंच नाहीं अशीं कितीतरी पदवीधर जोडपीं आहेत.

तपासणी म्हणजे मुख्यतः तीन प्रश्नांचीं उत्तरें. शुक्रजंतु पुरेसे व चपळ आहेत काय? स्त्रीबीज दर महिन्याला सुटतें काय? आणि दोघांची भेट जेथें व्हावयाची ती वाट, म्हणजे गर्भाशय व त्याच्या दोन्ही बाजूंच्या बीजवाहक नळ्या, मोकळी आहे काय? कोणताहि उपचार सुचविला गेला तर तो या तिहींपैकीं कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे, हें जोडप्यानें विचारावें.

पहिल्या प्रश्नासंबंधीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं दिलेलें प्रमाण असें : एक मिलिलिटर वीर्यांत किमान १ कोटी ६० लाख शुक्रजंतु, आणि एकंदरीपैकीं किमान ४२ टक्के हालचाल करणारे. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आंत दिवस गेले अशा पुरुषांच्या आंकड्यांतील ही तळची मर्यादा आहे. एखाद्याचा आंकडा थोडा खालीं आला म्हणून त्याला मूल होणारच नाहीं असा अर्थ करूं नये. तपासणीपूर्वीं दोन ते सात दिवस संबंध वर्ज्य करावा, आणि एक तपासणी वाईट आली तर कांहीं काळानें ती पुन्हां करावी. शुक्रजंतु तयार होण्यास सुमारें अडीच महिने लागतात. दोन महिन्यांपूर्वीं आलेल्या कडक तापाचा परिणामहि आजच्या कागदावर दिसूं शकतो.

निसर्गानें अंडकोश शरीराबाहेर ठेवले ते त्यांस शरीराहून दोन-तीन अंश थंड राहावयाचें असतें म्हणून. ओतकामाच्या भट्टीपाशीं तासन् तास उभा राहणारा कामगार, मालमोटारीच्या तापलेल्या बैठकीवर दिवस काढणारा चालक, यांना ही थंडाई मिळत नाहीं. बॅटरीच्या उद्योगांतील शिसें आणि कांहीं रंगांतील व द्रावकांतील विषारी द्रव्येंहि शुक्रजंतूंना मारक ठरतात. म्हणून डॉक्टरांनीं ‘काय काम करतां’ असें विचारलें तर ‘कंपनींत’ एवढ्यावर थांबूं नये; कोणत्या यंत्रावर, कोणत्या खात्यांत, हें सांगावें. तंबाखू व दारू यांविषयीं नवीन सांगावयास नको. पण एक नवीन संकट सांगावयास हवें. शरीर पिळदार व्हावें म्हणून व्यायामशाळांतून टेस्टोस्टेरॉनचीं इंजेक्शनें घेण्याची टूम निघाली आहे. पौरुष वाढविण्याच्या नांवाखालीं घेतलेलें हें औषध शुक्रजंतूंची निर्मितीच बंद पाडतें. तें थांबविल्यावर निर्मिति बहुधा परत येते, पण महिनोगणती वाट पाहावी लागते. अंडकोशाच्या नीला फुगलेल्या हातास लागत असतील आणि तपासणींतहि दोष असेल, तर त्या बांधण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. वीर्यांत शुक्रजंतु मुळींच आढळले नाहींत, तरीहि दार बंद झालें असें नाहीं. कांहींच्या बाबतींत निर्मिति चालूं असते, वाट तेवढी बंद असते.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें येण्याचें सर्वांत मोठें कारण म्हणजे ज्याला डॉक्टर पी.सी.ओ.एस. म्हणतात तो विकार. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनीं येते, वजन वाढतें, चेहऱ्यावर लव येते. येथें उपचार स्वस्त आहे आणि यशहि चांगलें आहे. वजन अधिक असेल तर तें शेंकडा पांच ते दहा उतरविल्यानेंच कित्येकींना बीज सुटूं लागतें. त्यानें भागलें नाहीं तर पाळीच्या आरंभीं पांच दिवस घ्यावयाच्या गोळ्या. पूर्वीं क्लोमिफेन हें औषध सर्रास देत. २०१४ सालीं अमेरिकेंत ७५० स्त्रियांवर झालेल्या तुलनेंत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकीं २७.५ टक्के, तर क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकीं १९.१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झालें, आणि तेव्हांपासून लेट्रोझोलला पहिलें स्थान मिळालें. मात्र या गोळ्या शेजारणीला लागू पडल्या म्हणून आपण घेऊं नयेत. बीज नियमित सुटत असतां त्या घेण्यांत फारसा लाभ नाहीं, आणि देखरेखीशिवाय घेतल्यास जुळ्यांचा धोका वाढतो.

तिसरा प्रश्न वाटेचा. बीजवाहक नळ्या मोकळ्या आहेत कीं नाहींत हें गर्भाशयांत औषध सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्रावरून किंवा दुर्बिणीनें पाहून कळतें. जंतुसंसर्ग, अशुद्ध गर्भपात, पोटाच्या शस्त्रक्रिया अशीं कारणें सर्वत्र आहेतच. पण आपल्या देशांत त्यांत क्षयाची भर आहे. लहानपणीं फुप्फुसांत येऊन गेलेला क्षय वयांत येणाऱ्या मुलीच्या बीजवाहक नळ्यांत जाऊन बसतो, आणि तेथें तो इतका मुका असतो कीं ना ताप, ना खोकला. लग्नानंतर मूल होत नाहीं तेव्हांच त्याचा पत्ता लागतो. ज्या पिंपरींत १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि जेथें पेनिसिलिनमागोमाग क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनहि तयार होऊं लागलें, त्याच पिंपरीच्या परिसरांतील स्त्रीला आज या रोगाची ही बाजू ठाऊक नसावी, हें विचित्र खरें. औषधांनीं क्षय बरा होतो आणि तीं पूर्ण मुदत घेतलींच पाहिजेत. पण नळीला एकदां पडलेली गांठ औषधानें सुटत नाहीं. अशा स्त्रीला गोळ्या देऊन वर्षें घालविणें हा तिच्या वयाचा अपव्यय होय. येथें उत्तर दुसरें आहे, आणि त्याकडे पुढें यावयाचें आहे.

तत्पूर्वीं मधल्या पायरीविषयीं. कृत्रिम वीर्यसेचन, म्हणजे ज्यास आय.यू.आय. म्हणतात, त्यांत पतीचें वीर्य प्रयोगशाळेंत धुऊन, चपळ शुक्रजंतु निवडून, बीज सुटण्याच्या सुमारास बारीक नळीनें गर्भाशयांत सोडतात. भूल लागत नाहीं, स्त्री त्याच दिवशीं घरीं जाते. वीर्यांत दोष सौम्य असेल, किंवा सर्व तपासण्या निर्दोष येऊनहि कारण सांपडत नसेल, तर हा उपाय करून पाहण्याजोगा आहे. एका खेपेचें यश साधारणपणें शंभरांत दहा ते पंधरा. म्हणून पहिली खेप फुकट गेल्यानें खचूं नये. पण तीन ते सहा खेपांनंतरहि यश न आल्यास तोच उपाय पुढें रेटण्यांत अर्थ नाहीं. आणि दोन्ही नळ्या बंद असतां हा उपाय करणें म्हणजे पूल वाहून गेलेल्या रस्त्यावर गाडी जोरानें हांकणें होय. स्त्री तरुण आहे, लग्नाला फार दिवस झालेले नाहींत आणि तपासणींत कांहींच निघालें नाहीं, तर आणखी कांहीं महिने स्वस्थ वाट पाहणें हाहि एक उपचारच आहे. त्याची पावती मिळत नाहीं म्हणून तो कोणी सुचवीत नाहीं, एवढेंच.

आतां आय.व्ही.एफ. लोक याला ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणतात. २५ जुलै १९७८ रोजीं इंग्लंडांत ओल्डहॅम येथें अशा रीतीनें जगांतील पहिलें मूल जन्मलें. त्यानंतर सत्तर दिवसांनीं, ३ ऑक्टोबर १९७८ रोजीं, कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नानें एक मुलगी जन्मास आली. मुखर्जींच्या म्हणण्यावर सरकारी समितीनें विश्वास ठेवला नाहीं, त्यांची उपेक्षा झाली, आणि १९८१ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा व शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नानें जी मुलगी जन्मली, ती भारतांतील पहिली म्हणून गणली गेली. पुढें मुखर्जींचे कागद आनंदकुमारांच्या हातीं आले. ते त्यांनीं तपासले, आणि १९९७ सालीं पहिलेपणाचा मान आपला नसून मुखर्जींचा आहे असें जाहीरपणें सांगितलें. शास्त्राच्या इतिहासांत असा दिलदारपणा विरळा. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी : के.ई.एम. हें मुंबई महानगरपालिकेचें रुग्णालय. सामान्य माणसाच्या दवाखान्यांत रुजलेली ही विद्या पुढें मुख्यतः खासगी केंद्रांची होऊन बसली.

या उपचारांत स्त्रीला दहा-बारा दिवस इंजेक्शनें देऊन एकाच महिन्यांत अनेक बीजें पिकवितात, सोनोग्राफीच्या साहाय्यानें सुईनें तीं काढून घेतात, प्रयोगशाळेंत त्यांचा शुक्रजंतूंशीं संयोग घडवून तीन ते पांच दिवसांचा गर्भ गर्भाशयांत ठेवतात. नळ्यांची गरजच राहत नाहीं. म्हणून नळ्या बंद असल्यास पहिलाच विचार याचा करावा लागतो. पाणी भरून फुगलेली नळी असेल तर ती आधीं काढणें किंवा बांधणें हिताचें, कारण तें पाणी गर्भाला घातक ठरतें. आणि क्षयानें गर्भाशयाचें आंतलें अस्तरच नष्ट झालें असेल तर हाहि उपाय अपुरा पडतो. शुक्रजंतु फारच थोडे असतील तर एकच शुक्रजंतु सूक्ष्म सुईनें थेट बीजांत घालतात. ही इक्सी नांवाची पद्धत १९९२ सालीं ब्रुसेल्स येथील डॉक्टरांनीं जगापुढें मांडली, आणि वीर्यांत जंतु न आढळणाऱ्या पुरुषाच्या अंडकोशांतून ते काढून घेऊन त्यालाहि तिनें बाप होण्याची संधि दिली. पण वीर्य निर्दोष असतां इक्सीनें यश वाढत नाहीं, हें व्हिएतनाममधील डॉक्टरांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसून आलें आहे. असलीं पुरवण्या-जोडकामें पुष्कळ सुचविलीं जातात. गर्भाशयाचें अस्तर आधीं खरवडल्यास गर्भ चांगला रुजतो, असें एक मत काहीं वर्षें जोरांत होतें. २०१९ सालच्या मोठ्या प्रयोगांत खरवडलेल्या व न खरवडलेल्या दोन्ही गटांत मूल होण्याचें प्रमाण २६.१ टक्के असें नेमकें सारखें निघालें.

एका फेरीचा खर्च लाखांच्या घरांत जातो आणि पहिल्या फेरींत मूल होईलच असें कोणीहि प्रामाणिक डॉक्टर सांगत नाहीं. येथें वयाचें माहात्म्य कळतें. इंग्लंडच्या नियामक संस्थेचे २०१९ चे आंकडे पाहा : स्त्री स्वतःचें बीज वापरीत असतां गर्भाशयांत ठेवलेल्या दर शंभर गर्भांपैकीं पस्तिशीच्या आंतील स्त्रियांत ३२ जन्मास आले, चाळीस ते बेचाळीस या वयांत ११. यंत्रें तींच, डॉक्टर तेच. फरक बीजाच्या वयाचा. म्हणून तिशींतल्या जोडप्यानें उतावीळ होऊं नये आणि अडतिशींतल्या जोडप्यानें स्वस्त उपायांत दोन वर्षें घालवूं नयेत. खर्च वांचविण्याच्या नांवाखालीं गेलेलें वर्ष कोणत्याहि पैशानें परत मिळत नाहीं. उलट, एकाच वेळीं दोन-तीन गर्भ ठेवून यश ‘पक्कें’ करण्याचा मोहहि टाळावा. जुळीं-तिळीं वेळेआधीं जन्मतात आणि आईच्या जिवासहि धोका वाढतो. इंजेक्शनांनीं बीजकोश फाजील चेतवले गेल्यास पोटांत पाणी सांचणें, दम लागणें अशीं लक्षणें दिसतात. तीं दिसतांच त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

केंद्रांत गेल्यावर यशाचा आंकडा सांगितला जातो. तो कशाचा, हें विचारावें. चाचणींत गर्भ राहिल्याचें दिसलें तें यश, कीं बाळ घरीं आलें तें यश? दर शंभर सुरू केलेल्या उपचारांमागें, कीं फक्त गर्भ ठेवण्यापर्यंत पोंचलेल्यांमागें? आणि आपल्या वयाच्या स्त्रियांत किती? या तीन प्रश्नांनीं ‘सत्तर टक्के’ पुष्कळदां पंचवीस-तीसवर उतरतात.

कायद्याचें संरक्षणहि आतां आहे. साहाय्यित प्रजननासंबंधीं संसदेनें केलेला २०२१ चा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून अमलांत आला. त्याअन्वयें प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, दोघांची लेखी संमति घेतल्याविना कांहीं करतां येत नाहीं, आणि स्त्रीचें वय २१ ते ५० व पुरुषाचें २१ ते ५५ असावें लागतें. दुसऱ्याचें बीज वा वीर्य घ्यावयाचें तर तें नोंदलेल्या बँकेकडूनच. नात्यांतल्या कोणाचें परस्पर घेतां येत नाहीं. बीज देणारी स्त्री आयुष्यांत एकदांच तें देऊं शकते. मुलगाच हवा म्हणून गर्भ निवडून ठेवणें हा गुन्हा आहे; आणि गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा देशांत सर्वांआधीं, १९८८ सालीं, महाराष्ट्रानेंच केला होता, याचा आपल्याला विसर पडूं नये. एवढें सोसून झालेल्या मुलीकडे नाक मुरडणारीं घरें अजून आहेत, ही लाजेची गोष्ट होय.

किती फेऱ्या कराव्या, याचा विचार पहिल्या फेरीपूर्वींच दोघांनीं बसून करावा; कर्ज डोक्यावर आणि अपयश मनांत असतां तो नीट होत नाहीं. भविष्यनिर्वाह निधि रिकामा करून, गांवची जमीन विकून चौथी-पांचवी फेरी करणारीं जोडपीं आहेत. त्यांना कोणी दोष देऊं नये, पण दत्तकाचा मार्गहि आरंभींच डोळ्यांपुढें ठेवण्यास हरकत नाहीं, कारण तेथेंहि वयाची मर्यादा आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणें दोन वर्षांपर्यंतचें मूल हवें असेल तर पति-पत्नींच्या वयांची बेरीज पंचायशींहून अधिक चालत नाहीं, आणि विवाहाला किमान दोन वर्षें झालेलीं असावीं लागतात. अर्ज केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदवावयाचा असतो आणि प्रतीक्षा कित्येक वर्षांची असते. कोणी सांगितलें म्हणून रुग्णालयांतून परस्पर मूल आणणें बेकायदेशीर आहे, त्यांत मूलहि जातें आणि पैसाहि. नवऱ्याचें वय अडतीस आणि बायकोचें पस्तीस असेल, तर त्या बेरजेस पंचायशीं गांठावयास अजून सहा वर्षें आहेत. उपचार आणि ही नोंदणी दोन्ही एकाच वेळीं चालूं ठेवण्यास कोणतीहि आडकाठी नाहीं.